गाळाच्या थरांत नोंदलेले भूकंप

समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर जो कोणी गेला असेल, त्याने तेथील गोल, खरबरीत गोटे हातात घेऊन पाहिलेच असतील. शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या या टेकडीवरील गोट्यांविषयी पूर्वापार एक कथा सांगितली जाते. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची चेष्टा केली आणि त्यांचा नारळासकट सारा माल जागच्या जागी दगड होऊन गेला, अशी ती कथा. भूशास्त्र त्याच गोट्यांविषयी निराळे सांगते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर येथे पसरले, त्यांतील वायूच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट जातीची खनिजे भरली, भोवतालचा काळा पाषाण झिजून गेला आणि हे कठीण गोटे मागे उरले. दगडाकडे पाहून ‘हे असे का?’ असा प्रश्न कथाकारालाही पडला होता आणि शास्त्रज्ञालाही पडला. फरक एवढाच, की शास्त्रज्ञाच्या उत्तराची तपासणी दुसऱ्या कोणालाही करता येते.

प्रस्तुत लेखाचा विषय गिरडचे गोटे हा नाही. मात्र त्याच रीतीने, म्हणजे दगडाला प्रश्न विचारून, मानवी स्मृतीच्या पलीकडचे भूकंप कसे ओळखता येतात, हे येथे पाहावयाचे आहे. या विद्येला पुराभूकंपशास्त्र म्हणतात. विदर्भातील आणि मराठवाड्यातील माणसाला ती परकी राहून चालणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

धाम, वेणा किंवा वर्धा नदीच्या काठी लहानपण गेलेल्या प्रत्येकाने एक खेळ केलेला असतो. पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहावे. काही वेळाने ती वाळू थलथलू लागते, वर पाणी येते आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. आपटणे थांबविले की वाळू पुन्हा घट्ट होते. भूकंपात नेमके हेच घडते, फक्त पाय पृथ्वीचा असतो. वाळूचे कण एकमेकांना टेकलेले असतात आणि त्या टेकण्यावरच वरचा भार पेललेला असतो. कणांमधील फटींत पाणी भरलेले असते. हादरे बसू लागले की कण अधिक दाटीने बसू पाहतात, परंतु फटींतील पाण्याला तितक्या त्वरेने बाहेर पडता येत नाही. पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि काही क्षण ती वाळू घन न राहता द्रवाप्रमाणे वागू लागते. या क्रियेस द्रवीकरण असे नाव आहे. वर चिकणमातीचा न झिरपणारा थर असेल, तर दाबलेले पाणी तो थर फाडून वाळूसह वर उसळते. भूकंपानंतर शेतांत जे वाळूचे लहान लहान शंकू दिसतात, ते असे तयार झालेले असतात. भूमीखाली त्यांच्या वाटा उभ्या भिंतींप्रमाणे वाळूने भरून राहतात. त्यांना वालुका-भित्ती म्हणू या.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येते. पसरट घमेल्यात नदीची बारीक वाळू भरावी, ती बुडेल इतके पाणी घालून वरचे पाणी निथळून टाकावे, मध्यभागी एक वीट उभी करावी आणि घमेल्याच्या कडेवर हाताने थापट्या माराव्यात. वीट प्रथम कलते, मग रुतते, आणि मघाशी कोरडा दिसणारा पृष्ठभाग पाण्याने चमकू लागतो. दुसऱ्या वेळी विटेऐवजी वाळूवर शाडूचा पातळ थर द्यावा आणि तो थर कोठे फुटतो ते पाहावे. फिलिप क्यूनेन या डच भूशास्त्रज्ञाने १९५८ साली चिखलावर वाळूचा थर देऊन तो हलविला, तेव्हा वाळूचे उशीसारखे गोळे चिखलात उतरले. तसेच गोळे निसर्गातील वालुकाश्मांत त्याआधीच पाहिलेले होते. ते कसे झाले असावेत याचा एक मार्ग त्या साध्या प्रयोगाने दाखवून दिला.

अशा विस्कटलेल्या थरांना ‘सिस्माइट’ हे नाव १९६९ मध्ये अ‍ॅडॉल्फ सायलाखर या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. हादरा बसतो त्या वेळी तळ्याच्या किंवा समुद्राच्या तळाशी असलेला गाळ मऊ असतो. वरचा भाग अगदी पातळ होऊन मिसळून जातो, मधला वळ्या पडून वाकतो, खालचा थोडासा तडकतो. पुढे त्यावर नवा गाळ सपाट बसत जातो आणि कालांतराने सारे दगड बनते. म्हणजे वर सपाट, खाली सपाट आणि मध्ये वीतभर गोंधळ. वहीच्या दोन स्वच्छ पानांमध्ये एकच पान चुरगळलेले असावे, तसे ते दिसते.

हा केवळ तर्क नव्हे, याचा पडताळाही मिळालेला आहे. १९७१ साली कॅलिफोर्नियात सॅन फर्नांडो येथे भूकंप झाला. त्यानंतर जॉन सिम्स यांनी तेथील व्हॅन नॉर्मन जलाशयाचा गाळ तपासला. जलाशय मानवनिर्मित, म्हणून गाळाचे वय ठाऊक होते. त्या गाळात त्यांना विस्कटलेले तीन पट्टे आढळले आणि १९३०, १९५२ व १९७१ या तीन भूकंपांशी त्यांची सांगड बसली. तेव्हापासून जुन्या तळ्यांच्या गाळाकडे भूकंपाची रोजनिशी म्हणून पाहिले जाऊ लागले.

काल ठरविण्याची पद्धत सोपी आहे. जो सर्वांत वरचा थर विस्कटलेला आहे, त्यानंतर भूकंप झाला. जो पहिला थर न विस्कटता त्यावर बसला आहे, त्यापूर्वी झाला. या दोन थरांतील कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढावे, किंवा वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला ते प्रकाशदीप्ती पद्धतीने मोजावे. वस्तीची जागा असेल तर खापरे आणि नाणीही साक्ष देतात. उत्तर एका वर्षात येत नाही, दोन मर्यादांमध्ये येते. तेवढेही पुष्कळ असते.

येथे वर्ध्याशी जोडलेला एक जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळमध्ये महाभूकंप झाला. मोतिहारी, सीतामढी, मुंगेर परिसर उद्ध्वस्त झाला, हजारो माणसे गेली. शेतांतून वाळू व पाण्याची कारंजी उसळली, घरे जमिनीत खचली, विहिरी वाळूने बुजल्या. आदल्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याहून हरिजन यात्रेस निघालेले गांधीजी त्या वेळी दक्षिणेत होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. अस्पृश्यता हे पाप आहे, हे रवींद्रनाथ टागोरांनाही मान्यच होते. तरीही त्यांनी या विधानाला लेखी हरकत घेतली. निसर्गातील घटनेचे कारण निसर्गातच शोधले पाहिजे, तिला नीतीच्या हिशेबात ओढू नये, असा त्यांचा आशय होता, आणि गांधीजींनी तो आक्षेप आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापलाही. हेतू कितीही उदात्त असो, कार्यकारणाची साखळी चुकली की त्याच विधानाचा उलटा वापर करावयास सनातन्यांना मोकळीक मिळते. अस्पृश्यता मोडू पाहिली म्हणून भूकंप झाला, असे म्हणणारेही त्याच तर्काने उभे राहू शकतात. शिवाय कोसळलेल्या भिंतींखाली सापडलेल्यांत ज्यांच्यावर अन्याय झाला तीच माणसे होती, याचे काय?

या वादाचा निकाल वाळूने दिला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील बी. एस. सुखिजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारच्या त्याच प्रदेशात खंदक खणून पाहिले, तेव्हा १९३४ च्या भूकंपाच्या वालुका-भित्तींखेरीज त्याहून पुष्कळ जुन्या भूकंपांच्याही खुणा त्यांना आढळल्या. त्यांनीच शिलाँगच्या पठारावर केलेल्या कामातून असे दिसले, की १२ जून १८९७ च्या भूकंपासारखे मोठे हादरे तेथे सुमारे पाचशे वर्षांच्या अंतराने येत गेले असावेत. भारताचा भूखंड हिमालयाखाली रेटला जातो, ताण साठतो, सुटतो, पुन्हा साठतो. कोणाचे आचरण कसे आहे याची दखल खडक घेत नाहीत.

महापरिनिब्बान सुत्तात आनंद भगवान बुद्धांना भूकंपाचा हेतू आणि प्रत्यय विचारतो, तो प्रसंग आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. उत्तरात आठ कारणे येतात. त्यांतील पुढची कारणे सिद्धपुरुष, देवता आणि बोधिसत्त्वाच्या जीवनातील प्रसंगांशी निगडित असून ती श्रद्धेच्या भाषेत आहेत. पहिले कारण मात्र निराळ्या जातीचे आहे. पृथ्वी पाण्यावर, पाणी वाऱ्यावर आणि वारा अवकाशात टेकलेला आहे, महावायू सुटले की पाणी हलते आणि पाणी हलले की पृथ्वी हलते. आजच्या ज्ञानानुसार हे स्पष्टीकरण बरोबर नाही, आणि तसे स्पष्ट म्हणण्यात अनादर नाही. लक्षात घेण्याजोगे हे, की येथे कोणी रागावलेला नाही व कोणाला शिक्षा होत नाही. एका गोष्टीमुळे दुसरी गोष्ट घडते, एवढेच म्हटले आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी परिसराला ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जगातील भूकंपांच्या मानाने ६.२ ही तीव्रता फार मोठी नव्हे. माणसे मेली ती प्रामुख्याने घरांमुळे. गोल दगड मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी रचना एका मिनिटाच्या आत थडगे झाली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, अचल भूमी, असे पाठ्यपुस्तकातून शिकविले जात होते. पुस्तक लिहिणाऱ्यांनी खोटे लिहिले नव्हते. त्यांच्यापुढे लेखी इतिहास होता आणि लेखी इतिहासात येथे मोठा भूकंप नव्हता.

भूमीला मात्र आठवण होती. किल्लारीजवळ जमीन फाटून जेथे उंचवटा आला होता, तेथे खंदक खणण्यात आले. पुढे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने विंधणही केले. तेथे लाव्हाचा थर ३३८ मीटर जाडीचा भरला, त्याखाली आठ मीटर गाळाचे खडक आणि त्याखाली अतिप्राचीन पाया. भ्रंशाच्या दोन बाजूंचे लाव्हाथर काही मीटरने वरखाली सरकलेले होते. १९९३ च्या एका धक्क्यात पृष्ठभागावर झालेली हालचाल मीटरभराहून अधिक नव्हती. उरलेली केव्हा झाली? तोच भ्रंश पूर्वीही हलला होता, हाच निष्कर्ष निघतो.

दुसरा पुरावा तेरणेच्याच काठी, किल्लारीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या तेर येथील आहे. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातील तगर, सातवाहनकाळची भरभराटलेली पेठ. येथे स्तूपाचे अवशेष उत्खननात मिळाले आहेत, आणि गावातील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीनंतर तेरच्या पांढरीतील थर बारकाईने पाहिले. वाकलेले, सरकलेले थर आणि वस्तीचे अवशेष यांच्या आधारे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी येथे भूकंप झाला असावा, असे त्यांनी १९९९ मध्ये मांडले. म्हणजे वाकाटकांचे राज्य विदर्भावर असताना किंवा त्याच्या थोडे मागेपुढे. अशी साक्ष प्राचीन वास्तू अन्यत्रही देतात. तक्षशिलेजवळच्या सिरकप नगरात इसवी सनाच्या पहिल्या शतकात मोठा भूकंप झाला आणि त्यानंतर तेथील लोकांनी घरांचे पाये खोल नेले, बांधणीची रीतही बदलली, असे जॉन मार्शल यांनी उत्खननावरून दाखविले होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी भूकंपातून धडा घेतला होता, ही गोष्ट किल्लारीच्या संदर्भात मनाला लागते.

तथापि विस्कटलेला थर दिसला की भूकंप झाला, असे म्हणण्याची घाई करू नये. या बाबतीत आपल्या प्रदेशात एक मोठा फसविणारा साक्षीदार आहे, तो म्हणजे आपली काळी माती. कपाशीची ही जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगांनी फाटते, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात सारे फुगते आणि दाबाखाली मातीचे ढेकूळ एकमेकांवर घासून गुळगुळीत, चमकदार पृष्ठे तयार होतात. भ्रंशाच्या पृष्ठासारखीच ती दिसतात. माती स्वतःलाच नांगरीत असते. नवख्या अभ्यासकाने विहिरीच्या कडेला हे पाहिले तर त्यास प्राचीन भूकंप सापडल्याचा आनंद होईल, आणि तो आनंद फुकट जाईल. पुराच्या एका रात्रीत साचलेला जड गाळही खालच्या चिखलात धसतो. उतारावरचा गाळ नुसत्या वजनाने घसरतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांचे अवशेष मिळतात. असल्या अजस्र प्राण्यांच्या पायांखालीही चिखलाचे थर तुडविले जात, हे ध्यानी ठेवावे लागते. म्हणून अभ्यासक अनेक गोष्टी एकत्र पाहतात. विस्कटलेला थर दूरवर, अनेक ठिकाणी, त्याच पातळीला सापडतो का? वरचे व खालचे थर शांत आहेत का? तेथे पाण्याने भरलेली बारीक वाळू होती का? जवळ भ्रंश आहे का? द्रवीकरणास साधारणतः पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का लागतो, तेव्हा बारीकसारीक हादऱ्यांची नोंद गाळात मिळण्याची अपेक्षाही ठेवता येत नाही.

दख्खनवर ही विद्या कठीण होण्याचे आणखी एक कारण आहे. येथे बहुतेक ठिकाणी पायाखाली गाळ नाहीच, कठीण काळा पाषाण आहे. कागदच नसेल तर लिहावयाचे कशावर? कागद मिळतो तो नद्यांच्या खोऱ्यांत, आणि त्यांतील सर्वांत जाड वही पूर्णेच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतील ज्या भागाला आपण खारपाणपट्टा म्हणतो, तेथे शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. इतका गाळ साचला याचा अर्थ तेथील भूमी दीर्घकाळ खचत राहिली. उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा आहे. त्या पायथ्याशी तापी भ्रंश जातो.

२०१४ मध्ये अ‍ॅलेक्स कोपली, सुप्रियो मित्रा आणि सहकाऱ्यांनी या भ्रंशाविषयी जे प्रसिद्ध केले, ते प्रत्येक वैदर्भीयाला ठाऊक असावयास हवे. डोंगरातून उतरणारे ओढे पायथ्याशी गाळाचे पंखे पसरतात. असे पंखे भ्रंशरेषेवर तुटून वरखाली झालेले त्यांना आढळले. पंख्यांचे वय भूशास्त्राच्या दृष्टीने काल-परवाचे, म्हणजे गेल्या सुमारे बारा हजार वर्षांतील. तुटीच्या मापावरून त्यांनी काढलेला अंदाज असा, की येथे ७.६ ते ८.४ तीव्रतेचा एक किंवा अधिक भूकंप होऊन गेला आहे. तीव्रतेत एकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे बत्तीस पटींची वाढ. त्या हिशेबाने खालची मर्यादा धरली तरी तो धक्का किल्लारीच्या सव्वाशे पट होतो. पश्चिमेकडे वाहणारे तापीचे विस्तीर्ण खोरे घडण्यामागेही याच भ्रंशालगतची खचणारी भूमी असावी, असे ते म्हणतात. तापी आणि वर्धा या दोन्ही नद्या मुलताईच्या एकाच उंच प्रदेशातून निघून परस्परविरुद्ध दिशांना जातात, हे आपण भूगोलात शिकतो. त्या दिशांमागे कदाचित प्राचीन हादऱ्यांचाही हात आहे. भ्रंशाची पूर्वेकडील पुढची रेषा मध्य भारतासाठी मोठा धोका ठरू शकते, असेही त्या अभ्यासात नमूद आहे. सातपुड्याच्या पट्ट्याने १४ मार्च १९३८ रोजी ६.३ चा आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूर येथे ५.८ चा भूकंप अनुभवलेला आहे. तेव्हा ही रेषा झोपलेली म्हणता येईल, मेलेली नव्हे.

फार प्राचीन खडकांविषयी थोडक्यात सांगतो. वरोरा, वणी, चंद्रपूरकडील दगडी कोळसा ज्या गोंडवन खडकांत आहे, ते भ्रंशांच्या मध्ये खचलेल्या लांबट द्रोणींत पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी साचले. त्याच कुळातील, बंगालच्या राणीगंज द्रोणीतील पांचेत खडकांत सिस्माइट असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मध्य प्रदेशातील विंध्य खडकांतही, ज्यांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक, अशा खुणा वर्णिलेल्या आहेत. त्या वेळी भूमीवर झाडही नव्हते.

किल्लारीनंतर नकाशा बदलला. २००२ च्या सुधारित मानकात पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. म्हणजे नकाशा भूकंपाच्या मागून आला. वर्धा जिल्हा त्या नकाशात दुसऱ्या, म्हणजे उरलेल्यांतील सर्वांत खालच्या पट्ट्यात होता. घर बांधताना दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा देण्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो. पालकांपैकी जे गवंडीकाम करतात किंवा घर बांधण्याच्या बेतात आहेत, त्यांनी नकाशातील पट्ट्याचा क्रमांक पाहून हा खर्च वाचवू नये.

आणि ज्यांच्या शेतात विहीर खणली जात आहे, पुलाचा पाया निघत आहे किंवा नदीने नुकताच काठ कापला आहे, त्यांना एक विनंती आहे. काळ्या मातीच्या खाली, पिवळसर गाळ व वाळूचे थर जेथे उघडे पडले असतील, तेथे बांधकाम उभे राहण्यापूर्वी नजर टाकावी. दोन सपाट थरांमध्ये वळ्या पडलेला पट्टा, चिकणमातीतून वर चढलेली वाळूची उभी शीर किंवा चिखलात उतरलेले वाळूचे गोळे दिसले, तर शेजारी फूटपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, पृष्ठभागापासूनची खोली मोजावी, उत्तर दिशा कोणती ते लिहावे, आणि तसाच पट्टा काठाने चालत गेल्यास पुढे किती अंतरापर्यंत दिसतो, ते पाहावे. ही नोंद शाळेच्या विज्ञान विभागाकडे अथवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाकडे द्यावी. कापलेला काठ पुढच्या पुरात ढासळतो आणि विहिरीचे बांधकाम महिन्याभरात पुरे होते, म्हणून हे काम त्याच आठवड्यात करावे लागते.